काकांनी रात्री पोस्ट टाकली. पैसे आमचे अडकलेत, आणि आता माफीही आम्हीच मागायची?

शिरोली_हिशेब

नमस्कार. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमची घरचीच फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे, मी तिथं हिशेब आणि डिस्पॅच बघते. मालक म्हणजे माझे थोरले काका. मी नववीत असताना वडील गेले. तेव्हापासून शिक्षण, लग्न, सगळं काकांनी केलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना उथळ माणूस समजू नये. उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर त्यांनी सुरुवात केली. आज ८४ माणसांचा पगार आमच्याकडं होतो आणि तो कधी ७ तारखेच्या पुढं गेलेला नाही.

या महिन्यात गेला असता. पुण्याकडच्या एका पंप कंपनीला आम्ही केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) आणि इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) यांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग देतो. त्यांच्याकडं आमचे ६१ लाख अडकलेत, सगळ्यात जुन्या बिलाला १३७ दिवस झाले. बँकेची लिमिट भरलेली. ७ फेब्रुवारीला, शनिवारी, काकींच्या नावची ठेव मोडून पगार केला. काकी काही बोलल्या नाहीत, पावतीवर सही करून आत गेल्या. ते काकांना फार लागलं असणार. संध्याकाळपासून त्यांनी त्या कंपनीच्या परचेस मॅनेजरला नऊ वेळा फोन लावला, एकदाही उचलला गेला नाही.

रात्री ११.४० ला काकांनी आमच्या फौंड्रीच्या फेसबुक पेजवर आणि उद्योजकांच्या दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्ट टाकली. कंपनीचं पूर्ण नाव. मालक चोर आहे, आमच्या पोरांच्या ताटातली भाकरी खातो, असं. येणं ९० लाख. परचेस मॅनेजरचं नाव आणि मोबाइल नंबर, त्याखाली ‘याला जाब विचारा’. शेवटी, ‘सोमवारपासून एक कास्टिंग जाणार नाही.’

सकाळी साडेसहाला मी बघितली तेव्हा चारशेच्या वर शेअर झाले होते. ‘अण्णा, वाघ आहात,’ ‘कुणीतरी बोललं एकदाचं.’ खरं सांगते, पहिला तासभर मलाही बरं वाटलं. आमच्यासारख्या किती जणांचे पैसे असे अडकतात, सगळे तोंड दाबून सहन करतात.

दहा वाजता त्या मॅनेजरचा मला फोन आला. आवाज बसलेला. ‘ताई, रात्रीपासून दीडशे फोन झाले. लोक आईवरून शिव्या देताहेत. आई परवापासून आयसीयूत आहे, म्हणून काल साहेबांचे फोन घेतले नाहीत.’ मला उत्तर सुचलं नाही. त्या अख्ख्या कंपनीत हा एकच माणूस आमच्या बाजूचा. दिवाळीच्या आधी दोनदा त्यानं आमचं थोडं थोडं पेमेंट सोडवून दिलं होतं. अकाउंट्सवाले कुठल्या दिवशी पेमेंट काढतात, हेही तोच मला सांगायचा.

सोमवारी दुसऱ्या एका पार्टीची मेल आली. हे लोक चाळीस दिवसांत न चुकता पैसे देतात. ‘तुमचा सप्लाय चालू राहणार का, लेखी कळवा.’ बँकेतून फोन आला, स्टॉक स्टेटमेंट लगेच पाठवा. मोल्डिंगवरची पोरं दुपारच्या सुट्टीत केबिनच्या दारात आली, ‘ताई, मार्चचा पगार होणार न्हवं?’ ज्यांचा पगार आम्ही ठेव मोडून वेळेवर केला, तीच माणसं घाबरली होती.

बुधवारी वकिलाची नोटीस आली. बदनामी, सप्लाय बंद करण्याची धमकी, लाइन थांबली तर त्याची भरपाई. साडेचार पानांची नोटीस आणि आमच्या ६१ लाखांबद्दल त्यात एकच ओळ: ‘खात्याची पडताळणी सुरू आहे.’

माझी पोटतिडीक तिथंच आहे. शनिवारपर्यंत विषय आमचं बिल होता. आता विषय काकांची भाषा झालाय, आणि त्या भाषेबद्दल बोलायला त्यांच्याकडं साडेचार पानं आहेत.

काका म्हणतात, ‘खरं तेच बोललो, माफी कशाची?’ पोस्ट अजून तशीच आहे. ती काढायची का? माफी मागितली तर पैशावरचा हक्क कमी होतो का? आणि ज्यांनी मला वाढवलं त्यांना, तुम्ही चुकलात, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं तर सगळ्यात उपकार होतील.

उद्यमनगर_जुना

पोरी, हे वाचून झालं की पहिलं काम, त्या माणसाचा नंबर काढ. बाकीची पोस्ट ठेवायची का उडवायची ते वकिलाला विचार, पण नंबरासाठी कुणाला विचारायची गरज न्हाई. फेसबुकवर दुरुस्ती होते. ग्रुपवरनं आता तुझ्या काकांना मेसेज पुसता येणार न्हाई, लई दिवस झाले, पण ॲडमिनला येत असंल. त्याला फोन कर.

आता माझं सांगतो. १९९८ सालची गोष्ट, आमचा क्युपोला, म्हंजे लोखंड वितळवायची भट्टी होती तवा. ओव्हरटाइमच्या दरावरनं धुसफूस चालली होती. बाहेरच्या मोठ्या गिऱ्हाइकानं आमचं शेड्यूल निम्म्यावर आणलं होतं, दर वाढवायला पैसाच नव्हता. त्या गिऱ्हाइकाचं पत्र माझ्या शर्टाच्या खिशात. गेटवर सगळी जमल्याली. मागनं कुणीतरी माझ्या थोरल्या पोरावरनं बोललं, त्याला नवीन गाडी घेतली होती त्यावरनं. माझं डोस्कं फिरलं. स्टुलावर चढलो आणि म्हणालो, ‘ज्याला परवडत न्हाई त्यानं उद्यापासनं येऊ नगा.’

दुसऱ्या दिवशी खरंच कोण आलं न्हाई. तेवीस दिवस. भट्टी थंड. ती माणसं वाईट नव्हती, त्यातली निम्मी माझ्या गावची. मी त्यांना पत्र दाखवायला उभा राहिलो होतो. पत्र दाखवलं असतं तर चार शिव्या खाऊन विषय मिटला असता, असं मला आजबी वाटतं. तेवीस दिवस सगळीकडं चर्चा एकच, मालक म्हणला येऊ नगा. शेड्यूल निम्मं झालंय हे कुणाला कळलंच न्हाई. पत्र खिशातच राहिलं. धुताना विरघळलं.

तुझे काका माझ्याच वयाचे असतील, एक-दोन वर्षं इकडंतिकडं. आमच्या पिढीला वाटतं, मालकानं गप बसणं म्हणजे भिणं. त्यांना ‘तुम्ही चुकला’ म्हणू नगंस. त्यांना आयसीयूचं सांगितलंस का? तुझ्या लिहिण्यावरनं मला वाटतं, सांगितलं न्हाईस. ते आधी सांग. बाकी काय बोलू नगंस.

ताळेबंद

मी सीए आहे, शाहूपुरीत ऑफिस आहे. लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांची बरीच कामं बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमचा दुसरा प्रश्न. शब्दांबद्दल माफी मागितली म्हणून येणं कमी होत नाही. मसुदा मात्र वकिलाकडून करून घ्या. त्यात ‘आमचं येणं कायम आहे’ हे वाक्य हवंच. नोटिशीत बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम लावलेलं असणार. जे खरं आहे आणि लोकहितासाठी सांगणं गरजेचं होतं, त्याला तिथं अपवाद आहे. ‘बिल १३७ दिवस थकलंय’ हे कागदावर सिद्ध होतं. ‘चोर’ हे कुठल्या कागदावर सिद्ध करणार?

तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ९० लाख. लेजर ६१ दाखवतं. काकांनी बहुतेक न पाठवलेला माल किंवा व्याज डोक्यात धरलं असेल, पण समोरचा वकील याच आकड्यावर बोट ठेवेल. ज्याला स्वतःचं येणं नीट सांगता येत नाही त्याच्या बाकीच्या कागदांवर विश्वास का ठेवायचा, असं म्हणेल. जाहीर लिहिलेला चुकीचा आकडा स्वतःच्याच विरुद्ध पुरावा होतो.

‘सोमवारपासून एक कास्टिंग जाणार नाही’ हे वाक्यही तेवढंच महाग आहे. पीओच्या, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरच्या अटी काढून बघा. तुम्ही एकतर्फी सप्लाय थांबवायचं जाहीर केलंत, असा त्याचा अर्थ लावता येतो. प्रत्यक्षात सोमवारी माल गेला असेल तर त्याची चलनं जपून ठेवा.

आता कायद्यानं तुमच्या हातात काय आहे ते बघा. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे लघुउद्योगांसाठीच्या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढं नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. १६ व्या कलमानुसार उशिराच्या प्रत्येक दिवसाला व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढीनं. १८ व्या कलमाखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडं जाता येतं, अर्ज सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन होतो. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि त्यांना त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर १९ व्या कलमाप्रमाणे आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) या बिलांच्या आधीची आहे ना, तेवढं तपासा.

आणखी एक गोष्ट आहे, ती फेब्रुवारीतच कामाला येते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३ बी (एच) कलमाप्रमाणे मुदत ओलांडलेलं तुमचं बिल त्यांनी ३१ मार्चच्या आत चुकतं केलं नाही तर त्यांना या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. त्यांचा सीए याला नक्की घाबरतो. त्यांच्या अकाउंट्स हेडला बिलांची यादी, तारखा आणि हे कलम एवढंच लिहून एक मेल गेली असती तर ती टेबलावरून बाजूला सारणं अवघड होतं. अजूनही जाऊ शकते. त्यांची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर टीआरईडीएस या ऑनलाइन व्यासपीठावर नोंदणी त्यांना बंधनकारक आहे, तिथं तुमची बिलं डिस्काउंट होऊ शकतात, म्हणजे थोडी कपात होऊन पैसे आधी मिळतात, तेही विचारा.

पोस्ट काढण्याआधी तिचे आणि खालच्या कमेंटचे तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. त्यांच्याकडं ते आहेतच.

कागल_फाइव्हस्टार

मला वरचं सगळं पटत नाही. कलम, पोर्टल, मेल हे आम्हीही करून बघितलंय. मोठ्या पार्टीविरुद्ध त्या पोर्टलवर अर्ज टाकला की केस चालेल तेव्हा चालेल, पुढची ऑर्डर मात्र दुसऱ्याच महिन्यात बंद. म्हणून कुणी अर्ज टाकत नाही. ताई, तुमच्या काकांनी काकींची ठेव मोडली होती हो. त्या रात्री त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यानं कधी ८४ माणसांचा पगार केलाय का? १३७ दिवस गप्प बसून काय मिळालं? मी तर म्हणतो, पोस्ट ठेवा.

शिरोली_हिशेब

@कागल_फाइव्हस्टार, तुमचा राग मला कळतो, कारण तो आमच्या घरातलाच आहे. आणि एक गोष्ट लपवणार नाही: पोस्टनंतर मंगळवारी १० लाख आले. काका ते दाखवूनच मला म्हणाले, ‘बघ, आले की नाही?’

पण त्याच दिवशी मार्चचं शेड्यूल आलं. दर महिन्याला साधारण अठरा टन असतं. या वेळी चार. इम्पेलरचे दोन पॅटर्न (साचा बनवायचे नमुने) परत मागवलेत, म्हणजे ते काम दुसऱ्या फौंड्रीत जाणार. ते पॅटर्न बसवायला आम्ही आठ महिने घालवले होते, रिजेक्शन अकरा टक्क्यांवरून तिनावर आणलं होतं. पैसे मागितले म्हणून शेड्यूल कापलं असतं तर मी तुमच्याबरोबर रस्त्यावर उतरले असते. आता त्यांना ‘वेंडर विश्वासार्ह नाही’ असं लिहायला कारण मिळालंय, आणि ते आम्हीच लिहून दिलंय.

@उद्यमनगर_जुना, बरोबर ओळखलंत. आयसीयूचं सांगितलेलं नाही. नंबर मात्र काल रात्रीच काढला, दोन्ही ॲडमिननीही मेसेज पुसले.

राजारामपुरी_वेब

मी राजारामपुरीत वेबसाइटी करतो, दोन-तीन कंपन्यांची पेजेसही सांभाळतो. त्यामुळं मालकांच्या रात्रीच्या पोस्टी हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. जगातली मोठी माणसंही अशीच सापडली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा मूळ मुद्दा खोटा नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मधलं ओला इलेक्ट्रिक या स्कूटर कंपनीचं आठवतंय का? ६ तारखेला, रविवारी, कॉमेडियन कुणाल कामरा यांनी सर्व्हिस सेंटरपुढं साचलेल्या स्कूटरींचा फोटो टाकला. कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी उत्तर दिलं: एवढी काळजी असेल तर येऊन मदत करा, या पैसे घेऊन केलेल्या ट्वीटपेक्षा किंवा तुमच्या फसलेल्या कॉमेडीपेक्षा जास्त देईन, नाहीतर गप्प बसा. सर्व्हिसचं जाळं वाढवतोय, तुंबलेल्या तक्रारी लवकरच निघतील, हेही त्याच पोस्टमध्ये होतं. ग्राहकाला नेमकं तेवढंच ऐकायचं होतं. ते वाक्य आज कुणाला आठवतं? कंपनी ऑगस्टमध्येच ७६ रुपयांनी बाजारात आलेली, म्हणजे लहान गुंतवणूकदार आत बसलेले. सोमवारी शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला. विक्रीत घट होत असल्याच्या बातम्याही त्या सुमारास होत्या, सगळा दोष एका पोस्टवर टाकणार नाही. त्याच सोमवारी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कारणे दाखवा नोटीसही गेली, हेल्पलाइनवरच्या दहा हजारांहून जास्त तक्रारींवरून. तक्रारी आधीपासून होत्याच. पण स्कूटर न घेतलेल्या माणसालाही त्या ऐकू गेल्या त्या या भांडणामुळं.

वर्डप्रेसचं प्रकरण तुमच्या काकांच्या जास्त जवळचं आहे. वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, मॅट मुलेनवेग हे त्याचे सहसंस्थापक. सगळ्यांनी मिळून फुकट बांधलेल्या सॉफ्टवेअरवर डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी भरपूर कमावते आणि परत फार थोडं देते, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे असं मानणारे माझ्या धंद्यात खूप लोक होते, मीही त्यातला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी आधी संमेलनाच्या स्टेजवरून तोफ डागली, मग ब्लॉगवर त्या कंपनीला वर्डप्रेसचा कॅन्सर म्हटलं, मग २५ तारखेला वर्डप्रेस डॉट ऑर्ग या मूळ साइटवरचा तिचा प्रवेशच बंद केला. २ ऑक्टोबरला ती कंपनी कॅलिफोर्नियात कोर्टात गेली. दाव्यात पुरावा म्हणून काय लावलं? मुलेनवेग यांच्याच पोस्टी, त्यांचेच मेसेज. त्यांच्या स्वतःच्या कंपनीतून १५९ जण पैसे घेऊन बाहेर पडले. १० डिसेंबरला कोर्टानं प्रवेश पूर्ववत करायचा अंतरिम आदेश दिला. कुणी किती परत द्यावं, हा चांगला प्रश्न होता. दोन महिन्यांत आम्ही सगळे त्याऐवजी त्यांच्या स्वभावावर बोलत होतो.

इलॉन मस्क यांचं ७ ऑगस्ट २०१८ चं ट्वीट बहुतेकांना माहीत आहे: टेस्ला ४२० डॉलरनं खासगी करायचा विचार आहे, पैशाची सोय झाली आहे. त्यावरून एसईसी या अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं दावा लावला. तडजोडीत मस्क आणि टेस्ला यांना प्रत्येकी २ कोटी डॉलर भरावे लागले आणि मस्क यांना किमान तीन वर्षं अध्यक्षपद सोडावं लागलं. २०२३ मध्ये गुंतवणूकदारांच्या दाव्यात ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला, पण ती खुर्ची तोवर गेलेलीच होती.

माझी एक विनंती आहे. काकांचा पेजवरचा अधिकार काढून घेऊ नका. एका क्लायंटकडं मी तो सल्ला दिला होता, मालकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खात्यावरून दुप्पट कडक लिहिलं. आणि त्यांना ते अपमानाचं वाटलं, ते माझ्याशी आजही नीट बोलत नाहीत. त्यांना राग ओतायला जागा द्या. रात्री तुम्हाला व्हॉइस नोट पाठवा म्हणावं, कितीही लांब. सकाळी तुम्ही दोघं मिळून ऐका आणि त्यातली लिहिण्यासारखी वाक्यं काढा. असतात त्यात, नेहमी असतात.

चप्पल_लाईन

जाहीर बोलूच नये असा सूर होतोय, म्हणून लिहितो. आमच्या कोल्हापुरीचंच बघा. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आमच्यासारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव कुठंही नाही. सोशल मीडियावर आग लागली. आमच्या सुभाषनगरातल्या कारागिरांचा जीव जळत होता, माझ्या आज्यापास्नं घरात हेच काम आहे. तो आरडाओरडा उपयोगाचा होता, त्याशिवाय मिलानपर्यंत आवाज गेला नसता. पण प्राडानं उत्तर दिलं ते महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेच्या पत्राला. त्या पत्रात कुणाला शिवी नव्हती. २०१९ चं जीआय (भौगोलिक) मानांकन होतं, कारागीर होते, श्रेय द्या आणि बरोबर काम करा अशी मागणी होती. प्राडानं भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर या दोन महामंडळांशी करार झाला. कारागिराच्या हातात किती पडतंय ते बघायचंय अजून, त्यावर मी स्वतंत्र भांडेन. पण बोलणी सुरू तरी झाली.

तेव्हा ताई, काकांना गप्प बसवू नका. त्यांच्याकडं १३७ दिवसांचं बिल आहे. ते बिल लोकांपुढं ठेवा.

शिरोली_हिशेब

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उशिरा लिहितेय, मधे बरंच घडलं.

परवा रात्री जेवण झाल्यावर काका सोप्यात एकटे बसले होते. मी शेजारी बसले आणि मॅनेजरच्या आईचं सांगितलं. तेवढंच. चूक, नोटीस, शेड्यूल यातलं काही बोलले नाही. काका बराच वेळ भिंतीकडं बघत होते. मग म्हणाले, ‘मला का नाही सांगितलंस?’ मी म्हटलं, तुम्ही चिडाल म्हणून. ते म्हणाले, ‘माझी आई सीपीआर हॉस्पिटलात ॲडमिट होती तेव्हा मी पण कुणाचे फोन उचलत नव्हतो.’

काल सकाळी त्यांनी माझ्या फोनवरून मॅनेजरना फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. काका म्हणाले, ‘आईची तब्येत कशी आहे? तुमचा नंबर टाकला, ते फार वाईट केलं. तुमच्या घरच्यांचीही माफी मागतो. पैसे मी मागणार, ते सोडणार नाही, पण तुमच्याकडं या पद्धतीनं नाही.’ पलीकडं बराच वेळ शांतता. आईंना वॉर्डात आणलंय, असं त्यांनी सांगितलं. मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत बसले. ६१ पैकी १४ लाखांची तीन बिलं आमच्याच टेस्ट सर्टिफिकेटसाठी (टीसी) अडकली होती. माल गेला, बिलं गेली, टीसी गेल्याच नाहीत. क्वालिटीनं शेरा मारला, अकाउंट्सनं बिलं बाजूला ठेवली. डिसेंबरात त्यांनी मेल केली होती. ती मेल कामाच्या जुन्या आयडीवर पडून होती, जो आता कुणी उघडत नाही. तो आयडी बघायचं काम माझं होतं. १३७ दिवसांचं बिल त्यात नाही, त्याला कुठलंच कारण नाही, हे त्यांनीही मान्य केलं. पण काकांनी त्या रात्री एक दिवस थांबून मला विचारलं असतं आणि मी तो मेलबॉक्स उघडला असता, तर निदान १४ लाखांसाठी कुणाला चोर म्हणायची वेळ आली नसती.

जुनी पोस्ट वकिलांशी बोलून काढली, स्क्रीनशॉट ठेवलेत. नवी काकांनी सांगितली आणि मी लिहिली, सहा ओळींची. त्यात मॅनेजरची माफी आहे, ९० लाखांचा आकडा चुकीचा होता हे आहे, सप्लाय एक दिवसही थांबलेला नाही हे आहे. आणि कंपनीचं नाव न घेता एवढंच की आमचं एक बिल साडेचार महिन्यांचं झालंय, कायदा ४५ दिवसांचा आहे आणि आम्ही त्या रस्त्यानं जातोय. तिला एकोणीस शेअर आले. मोल्डिंगवरच्या पोरांना काकांनी स्वतः शॉपवर जाऊन पगाराचं सांगितलं, मेल्टिंग चालू असताना, त्यामुळं निम्म्यांना ऐकू आलं नाही. दुपारच्या सुट्टीत परत सांगितलं.

@ताळेबंद, ४३ बी (एच) ची मेल बिलांच्या यादीसकट त्यांच्या अकाउंट्स हेडना गेली, तुम्ही सांगितलंत तशी. व्याजाचा हिशेब करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही. नोटिशीला वकील सोमवारी उत्तर देतील. पॅटर्न परत द्यायचे का थांबायचं, यावर काकांचं आणि माझं एकमत झालेलं नाही.

काल रात्री सव्वाअकराला काकांची सात मिनिटांची व्हॉइस नोट आली. अर्ध्यापर्यंत ऐकलीय, उरलेली गाडीत ऐकेन. तिन्ही बिलांच्या टीसी लॅबमधून सह्या करून आणल्यात, पहाटे साडेपाचला मीच घेऊन निघतेय.